थँक्सगिव्हिंगचं श्रेय नक्की कुणाचं? पिल्ग्रिमांचं, लिंकनचं की एका संपादकबाईंचं?

सावनी_बॉस्टन

दरवर्षी नोव्हेंबर लागला की मराठी ग्रुपांवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो. १६२१ साली पिल्ग्रिम (इंग्लंडहून येऊन आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला वसलेले लोक) आणि तिथले मूलनिवासी एका पंगतीला बसले, देवाचे आभार मानले आणि तेव्हापासून अमेरिकेत थँक्सगिव्हिंग साजरा होतो. पंगत झाली हे खरं. 'तेव्हापासून' मात्र धडधडीत खोटं.

त्या पंगतीची माहिती आपल्याला मुख्यतः एका परिच्छेदातून मिळते. एडवर्ड विन्स्लोने डिसेंबर १६२१ मध्ये प्लिमथहून इंग्लंडला पत्र धाडलं, त्यात तो आहे. पीक हाती आलं, गव्हर्नरने चार माणसं पाखरं मारायला पाठवली, त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभराची बेगमी करून आणली. तिथल्या वाम्पानोआग या मूलनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं चाललं, पाहुण्यांनीच पाच हरणं मारून आणली. बस्स. त्या परिच्छेदात टर्कीचं नाव नाही आणि थँक्सगिव्हिंगचंही नाही. पिल्ग्रिमांच्या लेखी थँक्सगिव्हिंग म्हणजे चर्चमध्ये बसून प्रार्थना करायचा दिवस, तीन दिवसांची मेजवानी नव्हे. १८४१ साली बॉस्टनच्या अलेक्झांडर यंग नावाच्या पाद्र्याने हे पत्र पुन्हा छापलं आणि तळटीप टाकली की हा न्यू इंग्लंडमधला पहिला थँक्सगिव्हिंग. म्हणजे बारसं झालं तेच दोनशे वीस वर्षांनी, आणि तेही तळटीपेत!

माझं मत विचाराल तर आजच्या सणाचं श्रेय सारा जोसेफा हेल या बाईंना जातं. न्यू हॅम्पशायरमधल्या न्यूपोर्टच्या. १८२२ मध्ये नवरा वारला, पदरात पाच मुलं, त्यातलं धाकटं बाप गेल्यावर जन्मलेलं. पोटासाठी लिहायला लागल्या आणि पुढे फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाच्या संपादक झाल्या. १८६० च्या सुमारास त्याचा खप दीड लाख होता. १८४० च्या दशकापासून बाईंनी एकच टुमणं लावलं: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या देशाने एकत्र पाळावा. वर्षानुवर्षं अग्रलेख, गव्हर्नरांना पत्रं, अध्यक्षांना पत्रं. २८ सप्टेंबर १८६३ ला लिंकनला पत्र लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. बाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

तर प्रश्न असा: सण कुणाचा मानायचा? पंगत मांडणाऱ्यांचा, सही करणाऱ्याचा, की मागे लागून सही करवून घेणारीचा?

कट्टावाला

पहिला! आता वाचतो.

जुनाजाणता

सावनी, लेखन आवडलं, निष्कर्ष नाही. २८ ला पत्र गेलं, ३ तारखेला जाहीरनामा आला, म्हणून पत्रामुळे जाहीरनामा आला, हा शुद्ध काकतालीय न्याय आहे.

लिंकनला आभाराचा दिवस जाहीर करायला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच वर्षी जुलैत गेटिसबर्गची लढाई जिंकल्यावर त्याने ६ ऑगस्टला आभाराचा दिवस पाळायला लावला होता. यादवी युद्धातल्या समोरच्या बाजूने, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यानेही १८६२ मध्ये असाच दिवस पाळला. युद्ध जिंकलं की आभार, हरलं की उपवास, ही तिकडची जुनी रीत. त्याआधी स्वातंत्र्ययुद्धातल्या साराटोगाच्या विजयानंतर काँग्रेसने १७७७ मध्ये, आणि राज्यघटना लागू झाल्यावर वॉशिंग्टनने १७८९ मध्ये असे दिवस जाहीर केले होते. वॉशिंग्टनच्या जाहीरनाम्याची तारीखसुद्धा ३ ऑक्टोबरच. तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसनने मात्र साफ नकार दिला, कारण सरकारने प्रार्थना सांगणं त्याला पटत नव्हतं.

राहता राहिला १८६३ चा मसुदा. तो सुद्धा लिंकनचा नाही, परराष्ट्रमंत्री सीवर्डचा.

सावनी_बॉस्टन

काका, कावळा बसला आणि फांदी तुटली हे एकदा ऐकलं तर ठीक. इथे कावळा सतरा वर्षं त्याच फांदीवर उड्या मारत होता!

तुम्ही सांगितलेले दिवस सगळे नैमित्तिक. विजय झाला, राज्यघटना आली, म्हणून एकदा आभार. ऑगस्टचा दिवसही गेटिसबर्गपुरता. दरवर्षी, ठरलेल्या दिवशी, सगळ्या राज्यांनी मिळून, आणि युद्धाशी संबंध नसला तरी, ही हेलबाईंची मागणी होती. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हाही त्यांचाच आग्रह. लिंकनचा ऑक्टोबरचा जाहीरनामा वाचा. लढाईच्या विजयाने सुरुवात नाही, भरल्या शेतांनी आणि मोकळ्या आकाशाने आहे. खाणी, कारखाने, वाढती लोकसंख्या हे सगळं येतं. शेवटी विधवा आणि अनाथ यांची आठवण ठेवा म्हणून सांगितलंय. पिल्ग्रिमांचा त्यात उल्लेखही नाही.

न्यूजर्सीची_नलू

ही हेल म्हणजे 'मेरी हॅड अ लिटिल लँब' वाली ना? माझ्या नातीला पाठ आहे ते.

सावनी_बॉस्टन

हो नलूताई, तीच. १८३० मध्ये छापलं. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफवर पहिल्यांदा बोलून पाहिलं तेही हेच कडवं.

कट्टावाला

आख्ख्या महाराष्ट्राच्या इंग्रजी मीडियमला मेंढरू दिलं आणि आख्ख्या अमेरिकेला टर्की. बाईंची प्राण्यांत गती दिसते.

मेघना_डलास

तुम्ही दोघंही १८६३ वर अडकलात. सही, मसुदा, पत्र, सगळं बाजूला ठेवा. चौथा गुरुवार कुणी पक्का केला? रूझवेल्ट आणि दुकानदारांनी.

१९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला. मंदीचे दिवस. थँक्सगिव्हिंग उलटल्याशिवाय नाताळच्या जाहिराती करायच्या नाहीत असा रिवाज होता, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या हातात जेमतेम साडेतीन आठवडे उरत होते. त्यांनी रूझवेल्टकडे धोशा लावला आणि त्याने ऑगस्टमध्ये जाहीर केलं की यंदा सण २३ ला. झालं! कॅलेंडरं छापून झालेली, कॉलेजांचे फुटबॉल सामने ठरलेले. रिपब्लिकन मंडळींनी रान उठवलं, त्या दिवसाला 'फ्रँक्सगिव्हिंग' नाव पडलं. साधारण निम्म्या राज्यांनी २३ पाळली, निम्म्यांनी ३०, आणि आमच्या टेक्ससने दोन्ही. (आम्हाला सुट्टी कोण नको म्हणेल?)

हा घोळ पुढची दोन वर्षं चालला. शेवटी काँग्रेसने कायदा करून चौथा गुरुवार ठरवला. रूझवेल्टने सही केली २६ डिसेंबर १९४१ ला. पर्ल हार्बर होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि देशाचा अध्यक्ष गुरुवार कितवा यावर सही करत होता.

जुनाजाणता

मेघना, हे बरं झालं आणलंस. सावनीच्या 'शेवटच्या गुरुवारा'ला हेच उत्तर आहे. लिंकननंतर तरी तो गुरुवार कुठे पक्का होता? अँड्र्यू जॉन्सनने १८६५ मध्ये सण डिसेंबरात नेला. ग्रँटने १८६९ मध्ये नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार घेतला. हेलबाई १८७९ मध्ये गेल्या, तोवर कायद्याने दिवस पक्का झालेला नव्हता. १८७० चा सुट्ट्यांचा कायदासुद्धा 'अध्यक्ष सांगतील तो दिवस' इतकंच म्हणतो.

रानवाटा

पिल्ग्रिम, लिंकन, हेल, रूझवेल्ट, दुकानदार, सगळ्यांची हजेरी लागली. पंगतीला आलेले नव्वद जण कुठे आहेत?

मी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला गेलोय. ते प्रसिद्ध प्लिमथ रॉक, म्हणजे पिल्ग्रिम जिथे उतरले असं सांगतात तो दगड, बघायला वाकावं लागतं आणि बघून माणूस विचारतो, एवढंच? त्याच्या समोरच कोल्स हिल नावाची टेकडी आहे, वर मॅसासॉइटचा ब्राँझचा पुतळा. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूलनिवासी लोक त्या पुतळ्यापाशी जमतात आणि तो दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळतात. बरेच जण उपास करतात. भाषणं होतात, मग गावातून मोर्चा.

त्याची सुरुवात अशी. पिल्ग्रिमांचं मेफ्लॉवर जहाज येऊन ३५० वर्षं झाली म्हणून सरकारी सोहळा होता, त्यात वाम्पानोआगांच्या वतीने वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना बोलायला बोलावलं. आयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितलं. त्यात पिल्ग्रिमांनी कबरी उकरल्याचं, धान्य चोरल्याचं लिहिलेलं होतं. त्याऐवजी दुसरं गोडगोड भाषण वाचा म्हणाले. जेम्स यांनी नकार दिला आणि त्या टेकडीवर जाऊन आपलं म्हणणं मांडलं.

आणि धान्यचोरी ही काही त्यांच्या मनची गोष्ट नाही, पिल्ग्रिमांच्या स्वतःच्या लिखाणात आहे. केप कॉडला उतरल्यावर पुरून ठेवलेला मका त्यांनी काढून नेला, ते सगळं नोंदवून ठेवलंय.

कोल्हापुरी_ठसका

एक बाळबोध प्रश्न. एवढं सगळं होतं तर मग मॅसासॉइट जेवायला आलाच कशाला?

रानवाटा

बाळबोध अजिबात नाही, खरा प्रश्न तोच आहे.

१६१६ ते १६१९ च्या दरम्यान त्या किनाऱ्यावर मोठी साथ आली. युरोपी जहाजांबरोबर आलेला रोग. गावंच्या गावं ओस पडली. पिल्ग्रिमांना प्लिमथमध्ये आयती साफ केलेली शेतं मिळाली ती पाटुक्सेट नावाच्या अशाच मेलेल्या गावाची. वाम्पानोआगांची माणसं खलास झालेली आणि पश्चिमेकडच्या नॅरागॅन्सेट या शेजारच्या टोळीला साथीची फारशी झळ बसलेली नव्हती. मॅसासॉइटला बंदूकवाले दोस्त हवे होते. पिल्ग्रिमांचीही गत वेगळी नव्हती. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते, पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे गेले. मार्च १६२१ मध्ये दोघांत तह झाला. म्हणजे ती पंगत आधी राजकारण, मग शेजारधर्म.

दुभाषी कोण, तर टिस्क्वांटम. शाळेच्या पुस्तकात 'मका पेरताना मासा घाला' शिकवणारा प्रेमळ स्क्वांटो असतो ना, तोच. त्याला इंग्रजी कसं येत होतं हे पुस्तक सांगत नाही. १६१४ मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला इतरांबरोबर फसवून जहाजावर चढवलं आणि स्पेनमधल्या मालागात विकायला नेलं. तिथून कसाबसा सुटून लंडन, आणि १६१९ मध्ये परत घरी. घर म्हणजे पाटुक्सेट. गावात कुणीच उरलं नव्हतं. दोन वर्षांनी तो त्याच जागेवर परक्या लोकांना मका पेरायला शिकवत होता. सणाचा नायक निवडायचाच असेल तर माझं मत या माणसाला.

तह मॅसासॉइट जिवंत होता तोवर टिकला. त्याच्या मुलाने, मेटाकॉमने, १६७५ मध्ये इंग्रजांशी युद्ध पुकारलं. पुढच्या वर्षी तो मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं. ते तिथे वर्षानुवर्षं होतं. पंगत झाली त्याच गावात, आणि पंचावन्न वर्षांत.

न्यूजर्सीची_नलू

बापरे. हे काही माहीत नव्हतं. आम्ही आपले दरवर्षी मुलांच्या डोक्यावर कागदी पिसं लावत होतो.

सावनी_बॉस्टन

रानवाटा, मनापासून धन्यवाद. पहिल्या पोस्टमध्ये हे मी एका वाक्यात उरकलं होतं.

ती पिसंही मुळात चुकीचीच. जेनी ब्राउन्सकोम्ब या चित्रकर्तीचं १९१४ चं पहिल्या थँक्सगिव्हिंगचं चित्र बघा. प्लिमथचे वाम्पानोआग, पण डोक्यावर हजार मैलांवरच्या मैदानी टोळ्यांचे पिसांचे मुकुट. युरोपातून लोंढेच्या लोंढे येत होते तो हा काळ. त्यांच्या मुलांना 'अमेरिकन' करायचं काम शाळांवर आलं आणि स्थलांतरितांच्या देशाला पहिले स्थलांतरित म्हणून पिल्ग्रिम सोयीचे पडले. सण आधी आला, गोष्ट मागाहून चिकटवली.

खवय्या_नागपूर

इतिहासाचा तास संपला असेल तर टर्कीकडे वळू या का? भाची ऑस्टिनला असते, तिच्याकडे यंदा पहिल्यांदा आख्खा पक्षी भाजायचा घाट आहे. ते मांस कोरडंठाक होतं म्हणतात, खरं का?

मेघना_डलास

खरं. छाती आधी शिजते, मांड्यांना वेळ लागतो, आणि मांड्यांची वाट बघता बघता छातीचा भुसा होतो.

भाचीला सांगा: गोठलेला पक्षी ओट्यावर ठेवून वितळवायचा नाही, फ्रीजमध्येच. दर चार-पाच पौंडांना एक दिवस, म्हणजे सोळा पौंडी असेल तर रविवारीच खाली काढायचा. पोटात हात घालून आतली पिशवी काढायची. काळीज, मान वगैरे कागदात गुंडाळून आतच कोंबलेलं असतं, आणि पहिल्यांदा करणारे हमखास ती पिशवी तशीच भाजतात. आदल्या रात्री मीठ चोळून ठेवायचं. मग छातीवरची कातडी बोटांनी अलगद सुटी करून आत लोणी भरायचं. आमच्याकडे त्या लोण्यात आलं-लसूण, हळद, काश्मिरी तिखट, कसुरी मेथी असते. दह्यात मुरवायच्या भानगडीत पडू नका, एवढ्या मोठ्या पक्ष्यावर दही ओघळून ट्रेमध्ये करपतं आणि घरभर धूर. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइट आलं की बाहेर. अर्धा तास हात लावायचा नाही.

खवय्या_नागपूर

लोण्यात सावजी मसाला चालेल?

मेघना_डलास

चालेल. पिल्ग्रिम पळून जातील, बाकी काही होणार नाही.

शाकाहारी_शमा

आमच्याकडे गोऱ्या शेजाऱ्यांच्या टेबलावर मला खाता येण्यासारखं एकच असायचं, ग्रीन बीन कॅसरोल. पुढे कळलं की ती पुरातन परंपरा १९५५ ची आहे. कॅम्बेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी बनवलेली, मशरूम सूपचे डबे खपावेत म्हणून. आता मी भोपळ्याचे घारगे नेते. पंपकिन पायला कुणी हात लावत नाही.

मांडवीकाठ

टर्की निघालीच आहे तर गोव्याची बाजू मांडतो. नाताळात आमच्याकडे कित्येक ख्रिस्ती घरांत टर्की भाजतात, ती काही अमेरिकेचं बघून नाही. हा पक्षी मूळ मेक्सिकोत माणसाळला, स्पॅनिशांनी युरोपात नेला, आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात आला. १६१२ मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रब खान गोव्याला खरेदीला आला होता, त्याने नेलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की होती. बादशहा इतका खूश झाला की त्याने आत्मचरित्रात तिचं वर्णन लिहिलं. डोकं आणि मान सरड्यासारखे रंग बदलतात, कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं. दरबारी चित्रकार मन्सूरचं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

सांगायचा मुद्दा, प्लिमथच्या पंगतीच्या नऊ वर्षं आधी टर्की गोव्याहून आग्र्याला पोचली होती. आणि तिकडे ती पंगतीत होती की नाही याचाच पत्ता नाही!

कट्टावाला

ठरलं मग. थँक्सगिव्हिंगचं श्रेय गोव्याला. धागा बंद करा.

जुनाजाणता

मांडवीकाठ, प्रतिसाद बेहद्द आवडला. फक्त पत्ता अगदीच नाही असं नाही. गव्हर्नर ब्रॅडफर्डने त्या शरद ऋतूबद्दल लिहिताना रानटर्की भरपूर मिळाल्याचं म्हटलंय. त्याचं हस्तलिखित मात्र क्रांतीच्या धामधुमीत गायब झालं, लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळालं.

कोल्हापुरी_ठसका

आणि ते राष्ट्राध्यक्ष टर्कीला माफी देतात ते काय असतं? गुन्हा काय तिचा?

मेघना_डलास

गुन्हा: चविष्ट असणे. (नीट शिजवली तर.)

ट्रूमनने प्रथा सुरू केली असं सांगतात, पण त्याला भेट आलेल्या टर्कींचं जेवणच झालं. केनेडीने १९६३ मध्ये एक सोडून दिली होती, रेगनने १९८७ मध्ये माफीचा विनोद केला, आणि थोरल्या बुशने १९८९ पासून तो वार्षिक विधी करून टाकला. माझा आवडता किस्सा कूलिजचा. १९२६ मध्ये मिसिसिपीतून कुणीतरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी त्याला जिवंत रॅकून पाठवलं. कूलिज दांपत्याने ते खायचं सोडून पाळलं. रेबेका नाव ठेवलं, गळ्यात पट्टा, व्हाइट हाउसभर हुंदडायचं.

डॉ_स्मिता

उशिरा आले, पण हेलबाईंबद्दल एक गोष्ट आपल्या जवळची आहे आणि ती कुणी लिहिली नाही.

बायकांनी डॉक्टर व्हावं यासाठी हेलबाई मासिकातून सतत लिहीत होत्या. १८५० मध्ये फिलाडेल्फियात फिमेल मेडिकल कॉलेज निघालं, बायकांना वैद्यकीची पदवी देणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. पुरुष डॉक्टरांनी टर उडवली, फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय संघटनेने बहिष्कार घातला. हेलबाईंनी त्या कॉलेजची बाजू लावून धरली. स्त्री डॉक्टरांना परदेशी पाठवावं, कारण तिकडच्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे जात नाहीत, हाही त्यांचा मुद्दा होता. याच कॉलेजात १८८३ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी दाखल झाल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. त्या दाखल झाल्या तेव्हा हेलबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे भेट नाही. पण वाट करून देणाऱ्यांत त्या होत्या. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला, त्यांना अमेरिकेत घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. त्याच गावात व्हॅसर कॉलेज आहे, ज्याच्या उभारणीत हेलबाईंचा मोठा वाटा.

सावनी_बॉस्टन

स्मिताताई, अंगावर काटा आला. पकीप्सी इथून गाडीने जाण्याजोगं आहे.

रानवाटा

स्मिताताई, माहिती उत्तम. पण बाईंची दुसरी बाजूही येऊ द्या. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरोधात होत्या. गुलामगिरी वाईट म्हणायच्या, पण उपाय काय, तर मुक्त झालेल्या काळ्यांना लायबेरियात पाठवा. यादवी युद्धात देश पेटलेला असताना मासिकात फॅशनची हाताने रंगवलेली चित्रं येत होती, युद्धाचं जवळपास नावही नाही. मालक गोडींचा नियमच तो, राजकारण नको.

त्याच १८६३ मधल्या दुसऱ्या जाहीरनाम्याचं, गुलामांच्या मुक्तीच्या, मोल आपल्याकडे जोतीरावांनी ओळखलं. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी निग्रो गुलामांना मोकळं केलं.

डॉ_स्मिता

मान्य आहे. पण चिडलेले दक्षिणेचे गव्हर्नर बाईंना काय म्हणत तेही बघा. व्हर्जिनियाच्या वाइजने १८५६ मध्ये थँक्सगिव्हिंग म्हणजे राष्ट्रीय नाटकबाजी असं उत्तर धाडलं होतं. त्यांच्या लेखी हा उत्तरेचा, गुलामगिरीविरोधी पाद्र्यांचा सण. म्हणजे राजकारण टाळून लिहिलेलं पत्रही राजकीयच ठरत होतं.

कट्टावाला

हे सगळं 'सार्वजनिक गणपती पहिला कुणी बसवला' या वळणावर चाललंय. टिळक की भाऊसाहेब रंगारी?

पुणेकर_१९

१८९२. रंगारी. विषय संपला.

सदाशिवपेठी

विषय कसा संपला? घरातला गणपती चौकात आणणं आणि त्याची चळवळ करणं यात फरक आहे. 'केसरी'चे अग्रलेख काढून बघा.

पुणेकर_१९

मंडळाची कागदपत्रं बघा आधी.

प्रशासक

गणपतीसाठी वेगळे धागे आहेत, त्यातले दोन आम्हाला कुलूप लावावं लागलेले. इथे टर्कीवरच बोलावे.

जुनाजाणता

प्रशासकांनी हाकललं खरं, पण सदाशिवपेठी नकळत कामाचं बोलून गेले. सावनी, तुझ्याच मुद्द्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. हेलबाईंनी सण निर्माण केला नाही. न्यू इंग्लंडमध्ये शरद ऋतूत गव्हर्नरांनी आभाराचा दिवस जाहीर करायचा, लेकीसुनांनी माहेरी यायचं, भाजलेली टर्की आणि पंपकिन पाय करायचा, हे बाईंच्या लहानपणी घरोघरी चालू होतं. त्यांच्या १८२७ च्या कादंबरीत त्या जेवणाचं पानभर वर्णन आहे, टर्की टेबलाच्या मानाच्या जागी. पिल्ग्रिमांच्या वंशजांनी सण जपला, बाईंनी एका प्रांताचा सण देशाच्या गळी उतरवला. लिंकनने सही केली ती देश फुटलेला असताना, म्हणून ती चिकटली. हे तीन वेगळे हिशेब आहेत, आणि बाईंचा हिशेब सगळ्यात मोठा, इथपर्यंत मी यायला तयार आहे. एकटीचा मात्र नाही.

सावनी_बॉस्टन

काका, इथपर्यंत आलात हेच खूप! 'प्रांताचा सण देशाच्या गळी' हे मला मान्य. तरी त्या गळी उतरवण्याचं माप बघा. हातात मत नाही, पद नाही. एक मासिक आणि टपाल. १८५९ पर्यंत तीसएक राज्यं एकाच गुरुवारी सण पाळायला लागली होती, लिंकन निवडून यायच्या आधी. सही बाकी होती फक्त.

आणि रानवाटाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. टिस्क्वांटमचं नाव पुढच्या फॉरवर्डला मी स्वतः जोडणार आहे, मालागासकट.

शाकाहारी_शमा

फॉरवर्ड इथेही टाक. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर जुना येऊन पडलाच आहे आज सकाळी.

खवय्या_नागपूर

भाचीचा फोन आला होता. तिने बावीस पौंडी पक्षी आणलाय आणि तो ओव्हनमध्ये मावत नाहीये. मेघनाताई, तुकडे करून भाजला तर चालतो का?

मेघना_डलास

उलट उत्तम. मांड्या आधी घाला, छाती नंतर. कोरडं होण्याचा प्रश्नच मिटला. पाठीचं हाड टाकू नका, रश्शाला लागेल.